भाकीत खरं ठरलं म्हणजे नेमकं काय ठरलं?

प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवणारा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, विशीतला मुलगा. घर मूळचं खानापूर तालुक्यातलं, आता अनगोळात भाड्याचं. वडील नाहीत. आई माळकरी, जमेल त्या वर्षी पायी वारी करणारी. बरोबर काम करणाऱ्या एकानं त्याला मराठीत छापलेलं एक पत्रक दिलं. मुलगा त्याच्यासोबत प्रार्थनासभेला जाऊ लागला आणि काही महिन्यांनी त्यानं घरी सांगून टाकलं की येत्या ईस्टरला मी बाप्तिस्मा घेणार. आईनं कारण विचारलं. आजार बरा झाला, स्वप्न पडलं, असलं काही त्यानं सांगितलं नाही. त्यानं ते पत्रक पुढं केलं.

आईनं बोलणं सोडलं. निपाणीकडचे मामा, निवृत्त प्राथमिक शिक्षक, धावत आले. या मुलाला पॉलिटेक्निकमध्ये मी गणित शिकवलं होतं आणि मी स्वतः ख्रिस्ती आहे, एवढ्या दोन गोष्टी मामांना ठाऊक होत्या. दारात उभं राहूनच ते म्हणाले, "बाई, तुम्ही त्यातल्या, आणि हिशेबाच्याही. म्हणून तुमच्याकडं आलो. पोरगं म्हणतंय गणितानं सिद्ध झालंय. झालंय काय?"

आमच्या भागात हा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. धर्मांतराविषयीचं विधेयक कर्नाटक विधानसभेनं मंजूर केलं ते डिसेंबर 2021 मध्ये, याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधच्या अधिवेशनात. पण मामांच्या मनात कायदा नव्हता आणि गाव काय म्हणेल हेही फारसं नव्हतं. आपल्या भाच्याला कुणी फसवलं तर नाही ना, एवढंच त्यांना हवं होतं. मुलाचं म्हणणं याच्या बरोबर उलट: मला कुणी फसवलं नाही, मी हिशेब तपासलाय.

म्हणून आम्ही एक मर्यादा घालून घेतली. त्यानं ख्रिस्ती व्हावं की नाही, हा प्रश्न बाजूला. येशू कोण, हाही बाजूला. पूर्ण झालेली भाकितं हा पुरावा म्हणून किती वजनाचा, एवढंच बघायचं. काही रविवार दुपारी आम्ही तिघं माझ्या घरी बसलो. त्या बैठकांत जे हाताला लागलं ते इथं मांडते आहे, दोघांच्या परवानगीनं.

माझी बाजू आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला मी कुठून बोलते ते कळेल. आमचं कुटुंब कॅम्पातल्या चर्चशी काही पिढ्यांपासून जोडलेलं आहे. मराठी लेखक बाबा पदमनजी 1831 साली बेळगावातच जन्मले आणि 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधीची त्यांची वर्षं वाचनात, शंकांत आणि वादात गेली. मराठी ख्रिस्ती माणसाला वाद करून, तपासून पाऊल टाकायची ही परंपरा आहे, आणि मला ती मोलाची वाटते. कच्च्या पुराव्यावर उभा राहिलेला विश्वास पहिल्या धक्क्याला पडतो. पडताना माणूस नुसता पुरावा टाकत नाही, येशूलाही टाकून देतो. मी हे माझ्या वर्गातल्या मुलांत पाहिलं आहे.

पत्रकातलं गणित

पत्रकाचा दावा असा: येशूच्या जन्माच्या शेकडो वर्षं आधी लिहिलेली तीनशेहून जास्त भाकितं त्याच्या आयुष्यात पूर्ण झाली. त्यांतली आठच घेतली तरी ती एका माणसात योगायोगानं जुळून येण्याची शक्यता किती? एकावर सतरा शून्यं मांडून होणाऱ्या संख्येत एक. खाली चित्र होतं. अमेरिकेचं टेक्सस राज्य दोन फूट उंचीच्या थरात चांदीच्या डॉलरनी भरलंय, त्यांतल्या एकाच नाण्यावर खूण आहे, आणि डोळे बांधलेला माणूस पहिल्याच झटक्यात तेच नाणं उचलतो.

मुलगा म्हणाला, "मॅडम, माझ्या मशीनवर शंभरावा भाग मिलिमीटर चुकला तर जॉब रिजेक्ट. इथं सतरा शून्यं हायत. योगायोगानं कसं व्हायचं हे?"

हा हिशेब मला नवा नव्हता. पीटर स्टोनर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी तो गेल्या शतकाच्या मध्यावर मांडला आणि तेव्हापासून तो जगभरच्या पत्रकांत फिरतो आहे. त्यांनी एकेका भाकितासाठी विद्यार्थ्यांकडून शक्यतेचे अंदाज घेतले आणि त्या आठ संख्यांचा गुणाकार केला. गुणाकारात चूक नाही. प्रश्न आहे तो गुणाकार करायला परवानगी होती का, याचा. शक्यतांचा असा थेट गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा घटना एकमेकींवर अवलंबून नसतात. त्या आठांत येशूला धरून देणाऱ्याला मिळालेली तीस रुप्यांची नाणी हे एक भाकीत आहे आणि तीच नाणी कुंभाराकडं गेली हे दुसरं. बायबलच्या जुन्या करारातल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात, ही लागोपाठची दोन वचनं आहेत, बारावं आणि तेरावं. जो लेखक पहिलं डोळ्यांपुढं ठेवून लिहितो त्याच्या डोळ्यांपुढं दुसरं असणारच. दोन्हींची शक्यता वेगवेगळी धरून गुणायची, हे पॉलिटेक्निकच्या पेपरातही मी चालवून घेतलं नसतं.

पण त्याहून मोठी गोष्ट मी त्याला वाचायला लावून दाखवली. आठांतलं आणखी एक जखऱ्या 13:6 मधलं: "तुझ्या हातांच्या मध्ये या जखमा कसल्या" अशा अर्थाचा प्रश्न, आणि "माझ्या मित्रांच्या घरी झाल्या" अशा अर्थाचं उत्तर. पत्रकात हे एकच वचन होतं. मी म्हटलं, दुसऱ्या वचनापासून मोठ्यानं वाच. तो वाचू लागला. देशातून खोटे संदेष्टे हाकलले जातील; कुणी तरीही संदेश सांगू लागला तर त्याचे आईबापच त्याला मारतील; त्या दिवशी प्रत्येक संदेष्ट्याला आपल्या दृष्टांताची लाज वाटेल; तो म्हणेल, मी संदेष्टा नाही, मी शेतकरी आहे. आणि मग जखमांचा प्रश्न. म्हणजे ज्याच्या अंगावर जखमा आहेत तो मनुष्य खोटेपणा लपवणारा संदेष्टा आहे. मुलगा थांबला, परत दुसऱ्या वचनावर गेला, पुन्हा सहाव्यापर्यंत आला. मग पत्रक उलटं करून ठेवत म्हणाला, "हे छापणाऱ्यानं वरची चार ओळी वाचल्याच नाहीत काय?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण मला राग आला होता, आणि तो अजून आहे. बायबलवर प्रेम आहे म्हणणाऱ्यांनी बायबलची वचनं अशी कात्रीनं कापावीत, हे मला सहन होत नाही.

आता समजा गुणाकार बरोबर आहे, आठही वचनं नेमकी आहेत. तरी सतरा शून्यांची संख्या मोजते काय? ती एवढंच मोजते की घटना सांगितल्या तशाच घडल्या असतील, तर केवळ योगायोगानं त्या जुन्या वचनांशी जुळणं किती अवघड. पण शहाण्या माणसाची शंका योगायोगाची नसतेच. त्याची शंका असते की ज्यांनी हकिगत लिहिली त्यांना वचनं पाठ होती. किंवा ज्यानं कृती केली त्यानं ती ओळखून केली. किंवा मूळ वचन भाकीत नव्हतंच. किंवा भाकीत घटनेनंतर लिहिलं गेलं. यांतल्या एकाही शंकेला त्या संख्येचा स्पर्शसुद्धा होत नाही. टेक्सस नाण्यांनी कितीही उंच भरा.

गाढवी आणि शिंगरू

या शंका हवेत राहू नयेत म्हणून आम्ही एकेक उदाहरण घेतलं.

जखऱ्या 9:9 मध्ये राजा गाढवावर बसून येतो. मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, येशू एका शिंगरावर बसून यरुशलेमेत शिरतो. मत्तयात गाढवीही आहे आणि शिंगरूही. शिष्य दोन्ही आणतात, दोन्हींवर वस्त्रं घालतात. जखऱ्याच्या कवितेत एकच गोष्ट दोनदा, शब्द बदलून सांगितलेली आहे, आणि मत्तयाच्या हकिगतीत जनावरं दोन झाली. तीन पुस्तकं शेजारी उघडून ठेवली की हे कुणालाही दिसतं. मामांना लगेच दिसलं. आणखी एक गोष्ट: जनावर आणायला शिष्यांना येशूच पाठवतो. कवितेतलं चित्र माहीत असलेला माणूस ते जाणून उभं करतो आहे, असं मला वाटतं, आणि त्यात मला काही कमीपणा दिसत नाही. मी कसला राजा आहे हे तो न बोलता सांगतो आहे. मात्र करणाऱ्याच्या हातातली गोष्ट पुरावा म्हणून मोजता येत नाही.

होशेय 11:1 चं उदाहरण वेगळं. "मी माझ्या पुत्राला मिसरातून बोलावलं" या अर्थाचं वचन मत्तय बाळ येशूच्या मिसरातून परतण्याला लावतो. होशेयात ते इस्राएल लोकांविषयी आहे आणि क्रियापदं भूतकाळातली आहेत. पुढच्याच वचनात हा पुत्र बआल मूर्तींना बळी देतो. हे भाकीत नाहीच. मग मत्तयानं लबाडी केली का? मुलाचा चेहरा पडला होता. इथं मामा मदतीला आले. ते म्हणाले, "कीर्तनात बुवा पूर्वरंगाला अभंग घेतो, उत्तररंगात त्याच अभंगावर आख्यान लावतो. अभंग त्या आख्यानासाठी लिहिला, असं बुवा म्हणतोय काय? म्हणत नाही. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतंय." मत्तय काय करतो ते इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. इस्राएलाची कथा येशूत पुन्हा घडते आहे, असं तो म्हणतो. हे वाचन आहे, आणि ते सुंदर आहे. त्याला अंदाज-आणि-निकाल असं रूप देणं हा मत्तयावरच अन्याय आहे.

बेथलेहेमचं भाकीत, मीखा 5:2, मी त्यातल्या त्यात चांगलं धरते. मसीहा, म्हणजे यहुदी ज्याची वाट बघत होते तो अभिषिक्त राजा, बेथलेहेमचा असणार ही अपेक्षा लोकांत आधीपासून होती. योहानाच्या सातव्या अध्यायात गर्दी येशूविरुद्ध तोच आक्षेप घेते, हा तर गालीलातला! म्हणजे अर्थ मागाहून चिकटवलेला नाही. पण त्याच अपेक्षेमुळं जन्मकथा तिकडं ओढली गेली असणं शक्य होतं, आणि येशूचा जन्म बेथलेहेमात झाल्याची नोंद मत्तय आणि लूक यांच्याबाहेर स्वतंत्रपणे कुठं नाही. शिवाय मीखाचा तो राजा पुढं अश्शूरापासून लोकांना सोडवतो. येशूच्या काळी अश्शूर साम्राज्य बुडून सहा शतकं झाली होती.

दानीएलात मात्र गणिताच्या मुलाला खरी मेजवानी आहे. नवव्या अध्यायातले सत्तर सप्तक, एक सप्तक म्हणजे सात वर्षं. त्यांतल्या 69 सप्तकांची, म्हणजे 483 वर्षांची मोजणी यरुशलेम पुन्हा बांधायच्या आज्ञेपासून अभिषिक्तापर्यंत होते, असं सांगतात. मी त्याला फळ्यावर करायला दिलं. आज्ञा कुठली? इसवी सनपूर्व 457 ची धरली तर 483 वर्षांनी आपण इसवी सन 27 ला पोचतो. 445 ची धरली तर 39 ला, आणि तोवर येशूला मरणाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात यहूदीयातून जाऊन तीन वर्षं झालेली. मग 445 धरणारे काय करतात? वर्ष 360 दिवसांचं धरतात. 483 गुणिले 360 म्हणजे 1,73,880 दिवस; सूर्यवर्षांत भरतात सुमारे 476; उत्तर येतं इसवी सन 32. कोरेश राजाची आज्ञा धरली तर आणखी तिसरंच. मुलगा खडू ठेवून म्हणाला, "म्हणजे रीडिंग आधी ठरलंय, आणि झिरो सेटिंग नंतर करतायत." त्याच्याच धंद्यातलं बोलणं, आणि बिनचूक.

अकरावा अध्याय आणखी बोलका आहे. त्यात सिरिया आणि मिसरच्या ग्रीक राजांच्या लढाया, लग्नं, विश्वासघात इतक्या बारकाव्यानं येतात की इतिहासाचं पुस्तक वाचतोय असं वाटावं. सिरियाचा ग्रीक राजा अँटिओकस एपिफानेस यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट करतो, तो प्रसंग इसवी सनपूर्व 167 चा. तिथपर्यंत सगळं जुळतं. पुढं मात्र तो राजा मिसर जिंकून, समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये तळ देऊन संपेल असं आहे, आणि प्रत्यक्षात तो 164 साली पूर्वेकडं, पर्शियाच्या मोहिमेत मेला. तिसऱ्या शतकातला पॉर्फिरी हा तत्त्वज्ञ यावरूनच म्हणाला की पुस्तक 167 च्या आसपास लिहिलं गेलं. भविष्य सांगणं अशक्यच, म्हणून पुस्तक नंतरचं, हा युक्तिवाद मला मान्य नाही. तो स्वतःभोवतीच फिरतो. पण अचूकता नेमक्या एका वर्षापर्यंत यावी आणि तिथून पुढं सुटावी, याचा दुसरा साधा अर्थ मला लागत नाही.

पत्रकाच्या पाठीमागं भविष्य पुराणातला उतारा होता: शालिवाहन राजाला हिमालयात भेटलेला ईशपुत्र, कुमारीच्या पोटी जन्मलेला. आपल्या ग्रंथातच येशूचं भाकीत आहे, असं पत्रक सांगत होतं. मामांनी चष्मा पुसला. त्या पुराणाच्या त्याच भागात अकबर आहे आणि इंग्रजांचं राज्यही आहे, हे त्यांनी वाचलेलं होतं. जे ग्रंथात सगळं आधी लिहिलंय असं वाटतं ते पुष्कळदा घडल्यावर घातलेलं असतं, हे त्यांनी भाच्याला दोन वाक्यांत सांगितलं. मी फक्त एवढंच म्हटलं, की मामा, हीच कसोटी दानीएलाला लावली तर तुम्ही मला दोष देऊ नका, आणि पुराणाला लावली तर मी तुम्हाला देणार नाही.

मामांची भाकणूक

निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीत हालसिद्धनाथाची यात्रा भरते आणि तिथं भाकणूक होते. पाऊस कसा, पिकं कशी, रोगराई, दर, राजकारण. दुसऱ्या दिवशी सीमाभागातली वर्तमानपत्रं ती छापतात आणि वर्षभर लोक त्यातलं एकेक वाक्य आठवत बसतात. मामा ती ऐकायला लहानपणापासून जातात. एका रविवारी मुलगा त्यांना म्हणाला, "मामा, मग तुमची भाकणूकपण खरी ठरतीय की. मी तिकडं का जाऊ नये?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून आम्ही तो सोडला नाही. राजकारणात उलथापालथ होईल, असं म्हटलं तर कर्नाटकात कुठल्या वर्षी होत नाही? मैलारच्या जत्रेत गोरवय्या, म्हणजे तिथल्या देवाचा भक्त, उंच धनुष्यावर चढून एकच वाक्य बोलतो, ते कारणिक, म्हणजे तिथलं भाकीत; त्याचा अर्थ लावण्यात मग अख्खा कर्नाटक गुंततो. वाक्य आधीचं, अर्थ नंतरचा. तेव्हा भाकीत पुरावा म्हणून धरायचं तर ते घटनेआधीचं आहे हे ठरलेलं हवं, अर्थ आधीच स्पष्ट हवा, पूर्ण करणं भाकीत जाणणाऱ्याच्या हातात नको, आणि ते पूर्ण झाल्याचं सांगणारा कुणी तिसरा हवा. ही मोजपट्टी भाकणुकीला लावली तशीच यहेज्केलाला, तशीच मार्काला.

यहेज्केलाच्या 26व्या अध्यायात सोर नगर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या हातून उद्ध्वस्त होईल आणि पुन्हा कधी बांधलं जाणार नाही असं आहे. नबुखद्नेस्सरानं तेरा वर्षं वेढा दिला आणि बेटावरचं शहर लुटता आलं नाही. इसवी सनपूर्व 332 मध्ये समुद्रात भराव टाकून ते घेतलं अलेक्झांडरनं. आणि आज लेबनॉनमध्ये सूर या नावानं तिथं माणसं राहतात. पण माझं लक्ष धरून ठेवतो तो यहेज्केलाचाच 29वा अध्याय. तिथं संदेष्टा स्वतः नोंदवतो की सोरेच्या श्रमाचं वेतन नबुखद्नेस्सराला मिळालं नाही. त्यानं जुना अध्याय खोडला नाही, जपणाऱ्यांनीही खोडला नाही. दोन्ही आपल्या हातात आहेत. पुरावा कमी झाला, पण पुस्तकाबद्दलचा माझा आदर वाढला.

मार्काच्या 13व्या अध्यायात येशू मंदिराबद्दल म्हणतो की दगडावर दगड राहणार नाही. इसवी सन 70 मध्ये टायटसच्या सैन्यानं मंदिर पाडलं. यहुदी इतिहासकार योसेफस ते सांगतो, आणि रोममधल्या टायटसच्या कमानीवर मंदिराचा सात फांद्यांचा दीपवृक्ष मिरवणारे सैनिक आजही कोरलेले दिसतात. तिसरा साक्षीदार, आणि भक्कम. अडचण अशी की बहुतेक अभ्यासक मार्काचं शुभवर्तमान साधारण त्याच सुमाराचं धरतात, आणि योसेफसच सांगतो की अनन्याचा पुत्र येशू नावाचा एक साधा खेडूत 62 सालापासून सात वर्षं यरुशलेमच्या गल्ल्यांतून "हाय हाय यरुशलेम" असं ओरडत फिरत होता. फटके खाऊनही तो थांबला नाही, वेढ्यात दगड लागून मेला. त्याचं भाकीत तर पूर्ण झालं. त्याच्या नावानं मंडळी स्थापन झाली नाही.

याच ठिकाणी मी बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा 13वा अध्याय उघडला. भाकिताची प्रसिद्ध कसोटी त्याच पुस्तकाच्या 18व्या अध्यायात आहे: बोललेलं घडलं नाही तर तो संदेष्टा देवाचा नव्हे. पण 13व्यात उलट बाजू आहे. संदेष्ट्यानं सांगितलेलं चिन्ह घडून आलं, आणि मग तो म्हणाला की चला, दुसऱ्या देवांच्या मागं जाऊ, तर त्याचं ऐकू नका. म्हणजे भाकीत खरं ठरणं पुरेसं नाही, असं खुद्द मोशेच्या नियमशास्त्राचं म्हणणं आहे. माणूस कुठं नेतो आहे ते बघा. मामा यावर म्हणाले, "मी भाकणुकीला जातोय ते खरी ठरती म्हणून न्हवं. वडील घेऊन जायचे. तिथं गेलो की मी माझ्या माणसांत असतोय." मुलानं हे उत्तर आधी कधी ऐकलंच नव्हतं. तो मामांना अंधश्रद्धाळू समजत होता.

यशया 53

राहिलं सर्वांत अवघड. "आमच्या अपराधांमुळं तो घायाळ झाला", कापायला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहिला, दुष्टांमध्ये त्याची कबर. हे वाचताना माझा आवाज अजून स्थिर राहत नाही, आणि राहावा असं मला वाटतही नाही. 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत यशयाची जवळजवळ अखंड गुंडाळी सापडली. ती येशूच्या जन्माआधी शंभराहून जास्त वर्षांची. म्हणजे ख्रिस्ती लोकांनी नंतर घुसवलं, हा आक्षेप तिथंच संपला. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरनं यहुदी त्रुफोशी वाद घातला तो अशाच वचनांवर. सतराव्या शतकात फ्रेंच गणिती पास्कालला भाकितं हाच येशूचा सर्वांत मोठा पुरावा वाटला. मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तरी घ्या की."

मी घेतलं, पण पूर्ण नाही. हा अध्याय ज्याच्याविषयी बोलतो तो देवाचा 'सेवक' कोण? यशया 49:3 मध्ये त्याला सरळ इस्राएल म्हटलं आहे, आणि अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडितापासून बहुतेक यहुदी भाष्यकार 53 वाही तसाच वाचतात: राष्ट्रांमध्ये तुडवली गेलेली प्रजा. शिवाय येशूच्या दुःखसहनाची हकिगत लिहिणाऱ्यांच्या ओठांवर हाच अध्याय होता.

मग मी प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय काढला. कूशी देशाचा अधिकारी रथात बसून नेमका हाच उतारा वाचतो आहे. तो येशूच्या अनुयायाला, फिलिप्पाला, विचारतो, संदेष्टा हे कुणाविषयी म्हणतो? स्वतःविषयी, की दुसऱ्या कुणाविषयी? प्रश्न मला फार प्रिय आहे. नव्या करारानंच तो जपून ठेवला. अर्थ उघड असता तर विचारायची गरज काय होती? फिलिप्प तिथून सुरुवात करून येशूची सुवार्ता सांगतो. वचन येशूकडं बोट दाखवत नाही. येशू ठाऊक असलेला माणूस वचनाकडं बोट दाखवतो. लूकच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर तेच. शिष्य शास्त्र वाचून मसीहा मरणार म्हणून वाट बघत नव्हते. ते खचून घरी चालले होते. वचनांचा अर्थ उलगडला तो नंतर. गाढवाच्या प्रसंगाबद्दल योहान 12:16 हेच स्पष्ट म्हणतो: तेव्हा शिष्यांना कळलं नाही, येशूचं गौरव झाल्यावर आठवलं.

म्हणून माझा निकाल मी दोघांना असा सांगितला. आत असलेल्याला ही वचनं खोल करतात. मला करतात. बाहेरच्या माणसानं आत यावं म्हणून पुरावा म्हणून ठेवली तर त्यांचं वजन थोडं आहे. यशया 53 चं थोडं जास्त, बाकीच्यांचं फार कमी, आणि सतरा शून्यांचं काहीच नाही. पहिले ख्रिस्ती ज्यावर उभे राहिले ते भाकीत नव्हे. ज्याला वधस्तंभावर मरताना पाहिलं तो जिवंत भेटला, असं ते म्हणत होते. ते खरं की खोटं हा वेगळा प्रश्न आहे, तो वेगळ्या रीतीनं तपासावा लागतो, आणि त्याला पत्रकाचा शॉर्टकट नाही.

मामांना हे पटलं नाही, आणि ते वेगळ्याच कारणानं. त्यांचं म्हणणं असं, की बाई, तुम्ही त्या त्रेपन्नाव्यावर फार कडक झालात. दुसऱ्याचं दुःख अंगावर घेणारा माणूस कुणीतरी आधीच पाहिला, यालाच मी पुरावा म्हणेन. कशाचा ते मला सांगता येत नाही. त्यांनी तो अध्याय वहीत उतरवून नेला. आमचा हा मतभेद मिटलेला नाही.

पुढं काय झालं

मुलानं ईस्टरचा बाप्तिस्मा पुढं ढकलला. सोडून दिला नाही. तसं त्यानं आईला स्पष्ट सांगितलं. आई परत बोलू लागली, पण दर एकादशीला विचारते, ठरलं काय. तो आता मार्काचं शुभवर्तमान सुरुवातीपासून वाचतो आहे, वचनं शोधायला नव्हे तर गोष्ट म्हणून, आणि डोंगरावरच्या प्रवचनासाठी मत्तयही. आषाढीला आईसोबत दोन मुक्काम चालून आला.

पाळकसाहेबांना त्यानं जाऊन सांगितलं की पत्रकातला हिशेब चुकीचा आहे आणि जखऱ्या 13 तर उलटच आहे. मला वाटलं होतं ते दुखावतील. त्यांनी वचन काढून त्याच्यासमोर वाचलं, पत्रक बाहेरून छापून आलेलं असल्याचं सांगितलं आणि उरलेला गठ्ठा वाटायचं थांबवलं. मग त्यांनी मला फोन केला. त्यांच्या तरुणांच्या सभेत हेच सगळं येऊन मांडाल का, म्हणाले. विषय तुम्हीच ठरवा. मी प्रेषितांची कृत्ये आठवा अध्याय घेते म्हटलं. मामाही येणार आहेत, त्यांची बाजू मांडायला.